वेळेवर

समुद्र माझ्या टेबलावर येतो तो फायलीतून,
नाडीने बांधलेला,
गगनबावड्याचा घाट चढून दमलेला.
भाऊसिंगजी रोडच्या जुन्या इमारतीत
सर्किट बेंच बसल्यापासून
सिंधुदुर्गाच्या भरत्या-ओहोट्याही
कोल्हापूरच्या बोर्डावर लागतात,
आणि मी, जिने पाणी पाहिलं
ते रंकाळ्याचं आणि पुराचं,
त्यांचं इंग्रजी करते, पानामागे ठरलेल्या दराने.

द्वारका मेतर, वय एकसष्ट, धंदा मासे सुकवणे.
तिच्या प्रतिज्ञापत्रात एक कांदळवन आहे.
वनखात्याच्या कायद्यात ते जंगल,
सातबाऱ्यावर पोटखराबा,
बंदर खात्याच्या आराखड्यात जेटीची जागा.
मत्स्य खात्याच्या तक्त्यात त्याला रकानाच नाही,
जरी कोळंबी तिथेच जन्मते.
एका नकाशावर भरतीरेषा
तिच्या पडवीच्या अलीकडून जाते,
दुसऱ्यावर पलीकडून,
दोन्हींवर गोल शिक्का, दोन्ही खरी प्रत.
पाण्याला कुणी नोटीस बजावलेली नाही,
ते उधाणाला चुलीपर्यंत येऊन जातं.

परिच्छेद सात: साहेब वेळेवर आले.
मी तेच इंग्रजीत उतरवलं,
कुठे अडायला झालं नाही.
उलट वाटलं, चला,
एक तरी अधिकारी घड्याळ बघणारा निघाला.
सरकारी वकिलांनी नेमक्या त्याच ओळीखाली
पेन्सिलीची रेघ ओढली:
देखरेख चोख होती, अर्जदारालाच मान्य.

रविवारी मासळी बाजारात
मालवणचा टेम्पो अजून आला नव्हता.
मीनाक्षी तारी फोन खांद्याने कानाशी दाबून
कुणाला तरी सांगत होती,
"तो थंय वेळेर बसलो हा, जाळा सुकयता."
मी विचारलं, किती वाजता?
ती सुरमईवरून सुरी न उचलता हसली.
"घड्याळातली न्हय गो बाय.
वेळ म्हणजे दर्याची कड."

पिशवीतल्या बर्फाचं पाणी पायावर ठिबकत होतं.
म्हणजे साहेब वेळेवर आले होते.
वाळूपर्यंत.
बूट न भिजवता उभे राहिले असतील,
लांबून फोटो काढला असेल,
आणि मुळांवर लाल मातीचे डंपर
त्याआधी नऊ दिवस रिकामे होत होते.
वकिलाच्या टायपिस्टाने
तिची मालवणी घासूनपुसून शुद्ध केली,
त्या शुद्धाचं मी इंग्रजी केलं,
आणि दोघांनी मिळून
एक अख्खा उशीर पुसून टाकला.

आमच्या शिवाजी पुलाला दगडी मच्छिंद्री आहे.
पुराचं पाणी तिला टेकलं
की शुक्रवार पेठेतल्या म्हशी वर निघतात,
दुकानातली पोती माळ्यावर जातात,
तालमीतली पोरं दोर घेऊन बाहेर पडतात.
पाटबंधारेवाला तिलाच बघतो,
कलेक्टरच्या ऑफिसातून तिचीच चौकशी होते.
हा मासा कुठल्या खात्याचा,
असं अजून कुणी विचारलेलं नाही.
तिकडे खाली, सातशे वीस किलोमीटर किनाऱ्याला
असा एक दगड मिळू नये?
उपग्रह बघतो, ड्रोन बघतो, गस्तीची नौका
डिझेल असेल त्या दिवशी बघते,
आणि जो तो आपापल्या वहीत लिहून
वही मिटतो.

सोमवारी दुरुस्तीचा अर्ज दिला.
शिरस्तेदार सासने म्हणाले,
"एका शब्दासाठी अख्खं पान बदलायचं होय?"
होय म्हटलं.
कायदे जुळवायला माझा पगार पुरत नाही,
माझ्या हातात एवढा एकच शब्द आहे,
तोही चुकलेला.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, शिक्का मारला,
पुढची तारीख दिली.

घरी येऊन कॅलेंडर उलटलं.
अमावस्या आहे त्या दिवशी.
कोण हजर राहील, कोण मुदत मागेल, माहीत नाही.
उधाण मात्र येईल
वेळेवर,
दोन्ही अर्थांनी.